कानोसा: कपाळावरच्या सेन्सरच्या नोंदी

११ जानेवारी

आजपासून नोंदी ठेवतोय, कारण मागच्या दोन आठवड्यात काय काय बदललं तेच आत्ता नीट आठवत नाहीये. प्रकल्पाचं नाव सध्या "चाहूल". दृष्टिहीन माणसाची पांढरी काठी जमिनीवरचं जवळपास सगळं सांगते, पायरी, खड्डा, खांब, पण कमरेच्या वरचं तिला काही कळत नाही. बाहेर उघडलेली खिडकी, जिन्याची खालची तिरकी बाजू, उभ्या ट्रकची मागे आलेली फळी, खाली वाकलेली फांदी, या सगळ्यांच्या खालून काठी अलगद निघून जाते आणि मग कपाळ आपटतं. ते कपाळ वाचवायचं, एवढंच काम आहे.

डोक्याच्या पट्ट्यावर एचसी-एसआर०४ लावलाय, शिकाऊ प्रोजेक्टमध्ये हमखास दिसतो तोच अल्ट्रासॉनिक सेन्सर, आणि मागे ईएसपी३२, हे सगळं चालवणारी छोटी कंट्रोलर चिप. सेन्सरला १० मायक्रोसेकंदाचा इशारा दिला की तो ४० किलोहर्ट्झचे ८ ठोके सोडतो, आपल्याला ते ऐकू येत नाहीत, आणि परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचं. १ मीटरवरच्या भिंतीवरून जाऊन यायला साधारण ५.८ मिलिसेकंद. सेन्सरची उत्तर देणारी एको पिन ५ व्होल्टची आहे आणि ईएसपी३२ला ३.३ च्या वर झेपत नाही म्हणून दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज उतरवून घेतलं. गाडी रिव्हर्स घेताना वाजतो तसा बीप ठेवलाय, जवळ आलं की भराभर.

१८ जानेवारी

डोळ्यांना पट्टी बांधून घरात फिरलो आणि पहिल्या दहा मिनिटांत एवढा खूश झालो की मित्राला फोन केला. मग लक्षात आलं की मला खोली पाठ आहे, कुठे वळायचं ते बीप सांगत नव्हता, माझी आठवण सांगत होती. डोळे असलेल्या माणसाने पट्टी बांधून केलेली टेस्ट म्हणजे टेस्ट नाही हे इथे लिहून ठेवतो, पुढे विसरायला नको.

आणि खरी अडचण संध्याकाळी कळली, अर्धवट उघडं दार. मी दार हाताने वेगवेगळ्या कोनात धरून रीडिंग घेतली. सरळ समोर असताना ९८ सेंटिमीटर, अगदी बरोबर. २० अंश फिरवलं की आकडा उड्या मारतो. ४५ अंशाला सेन्सर सरळ मागच्या भिंतीचं अंतर सांगतो, म्हणजे दार नाहीच! ४० किलोहर्ट्झची तरंगलांबी जेमतेम साडेआठ मिलिमीटर, तेवढ्या बारीक लाटेला दाराचा गुळगुळीत पृष्ठभाग आरशासारखा असतो, तिरका धरला की आवाज भलतीकडेच निघून जातो, सेन्सरकडे काहीच येत नाही. आणि दृष्टिहीन माणूस घरात कशावर आपटतो विचारलं तर उत्तरात हेही येतं, अर्धवट उघडं दार.

२ फेब्रुवारी

आज ताई आल्या होत्या. मित्राच्या ओळखीच्या, जन्मापासून दिसत नाही, ऑफिसला रोज एकट्या जातात येतात. पट्टा डोक्याला बांधून दिला, कसं वाजतं ते सांगितलं, त्या शांतपणे दहा मिनिटं फिरल्या. मग पट्टा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "अरे, हे बंद झालं तेव्हा मला खोली ऐकू आली."

मला आधी कळलंच नाही. म्हणून त्यांनी करून दाखवलं. खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या, जीभ टाळ्याला लावून टॉक असा आवाज काढला, मान थोडी डावीकडे, परत टॉक. "इथे कपाट आहे, दार उघडं आहे त्याचं, आत कपडे आहेत बहुतेक." बरोबर होतं तिन्ही. मी कपाटाचं दार लावलं, परत टॉक, "लावलंस." कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट आवाज गिळतं, लावलेलं दार तो टणकपणे परत पाठवतं. मी म्हणालो ताई हे तुम्हाला कानातच ऐकू येतं का, तर म्हणाल्या, "नाही रे, कपाळावर काहीतरी दाबल्यासारखं वाटतं, पण कान झाकले की ते पण जातं."

आणि या कानांवर मी सेकंदाला दहा बीप ओतत होतो.

५ फेब्रुवारी

ताईंचं ते कपाळावरचं दाबणं डोक्यातून जात नव्हतं म्हणून शोधलं. याला जुनं नावच आहे, चेहऱ्याची दृष्टी, आणि कित्येक वर्षं लोक समजायचे की अंध माणसाच्या चेहऱ्याच्या त्वचेला हवेतला फरक जाणवतो. १९४४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात सुपा, कोट्झिन आणि डॅलनबाख या तिघांनी हे प्रयोग करून तपासलं. माणसांना भिंतीच्या दिशेने चालायला लावलं आणि भिंत जाणवली की सांगा म्हणाले. चेहरा झाकला तरी जाणवायची. बूट काढून कार्पेटवरून चालवलं तर फार जवळ गेल्यावर जाणवायची. आणि कान बंद केले की सरळ भिंतीवर. म्हणजे ती कानांचीच कमाल होती, पण ज्याची त्याला चेहऱ्यावर वाटायची. ताईंनी दोन वाक्यात सांगितलं तेच.

डॅनियल किश यांच्याबद्दलही वाचलं. रेटिनोब्लास्टोमामुळे, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या कॅन्सरमुळे, वयाच्या १३ व्या महिन्यापर्यंत दोन्ही डोळे काढावे लागले होते, लहानपणापासून जिभेच्या टिचकीवर फिरतात आणि इतरांना शिकवतात. २०११ मध्ये थेलर, अर्नॉट आणि गुडेल यांनी अशा टिचकीवाल्या दोन दृष्टिहीन माणसांचे मेंदू स्कॅन केले, त्यांना त्यांच्याच टिचक्या आणि पडसादांचं रेकॉर्डिंग ऐकवलं तर मेंदूचा दृष्टीचा भाग जागा झालेला दिसला. पडसाद काढून नुसत्या टिचक्या ऐकवल्या तर तसं नाही. हे मी तीनदा वाचलं.

१४ फेब्रुवारी

नऊ दिवस रोज अर्धा तास सराव. सगळ्यात सोपी सुरुवात म्हणजे डोळे मिटून शऽऽऽ असा आवाज काढत राहायचं आणि एक मोठं पुस्तक तोंडासमोर आणायचं न्यायचं. जवळ आणलं की शऽऽऽ चा रंग बदलतो, बंद बंद होतो, लांब नेलं की मोकळा. वेगळा पडसाद म्हणून ऐकू येतच नाही कारण इतक्या कमी अंतरात मूळ आवाज आणि परत आलेला आवाज कान एकच धरतो, फरक फक्त आवाजाच्या पोताचा. तोंडासमोर पुस्तक आहे की नाही एवढं मला आता दहापैकी नऊ वेळा कळतं. कपाटातले कपडे अजून खूप लांब आहेत. टिचकी आखूड आणि कडक पाहिजे, सरावलेल्या लोकांची ३ मिलिसेकंदाच्या आसपास असते, २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये तिचा जोर. माझी अजून फुसकी पडते.

२२ फेब्रुवारी

आज दोन जुन्या गोष्टी नीट समजून घेतल्या, कारण आम्ही काय बनवतोय तेच परत ठरवायची वेळ आलीय.

पहिली, पीटर मेयर यांची व्हॉइस नावाची पद्धत, १९९२ चा पेपर. कॅमेऱ्याच्या चित्राचे ६४ बाय ६४ ठिपके करायचे, डावीकडून उजवीकडे १ सेकंदात चित्र वाचत जायचं, वरचा ठिपका म्हणजे बारीक सूर, खालचा म्हणजे जाड सूर, उजळ असेल तर मोठ्याने. मी हेडफोन लावून तासभर ऐकलं. तिरकी रेघ खरंच चढत जाणाऱ्या सुरासारखी ऐकू येते, आणि महिनोन्महिने सराव करून लोक त्यातून वस्तू ओळखतात, हे फार मोठं काम आहे. पण चालताना एका सेकंदात माणूस मीटरभर पुढे जातो, आणि तो सेकंदभर कान पूर्ण भरलेले. बसून बघायला छान, चालायला नाही.

दुसरी, पॉल बाख-इ-रीटा, १९६९. यात आवाज नाहीच, स्पर्श आहे. दातांच्या डॉक्टरकडे असते तशा खुर्चीच्या पाठीत ४०० थरथरणारे बिंदू, कॅमेऱ्यातलं चित्र पाठीवर उमटायचं. यातली गोष्ट जी मला झोपू देत नाहीये ती अशी, की कॅमेरा दुसऱ्या कोणी हलवला तर माणसाला फक्त पाठीवर थरथर जाणवायची, आणि तोच कॅमेरा स्वतःच्या हातात दिला की काही वेळाने पाठ विसरून वस्तू समोर आहे असं वाटायला लागायचं.

मी हे ताईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तुझ्या प्रकल्पाचं नावच चुकलंय. चाहूल आपोआप लागते. कानोसा आपण घेतो." रात्री फोल्डरचं नाव बदललं.

तर आता ठरलं ते असं, आपणहून वाजायचं नाही. माणसाने विचारलं की उत्तर द्यायचं, आणि विचारणं हे त्याच्या हातात किंवा मानेत पाहिजे.

९ मार्च

नवा सेन्सर आला, व्हीएल५३एल५सीएक्स. हा आवाजाचा नाही, ९४० नॅनोमीटरच्या इन्फ्रारेड लेझरचा, समोरचे ४५ अंश ८ बाय ८ चौकटीत वाचतो, म्हणजे ६४ अंतरं एकदम, सेकंदाला १५ वेळा. अर्धवट उघडं दार याला स्वच्छ दिसतं! लेझरची तरंगलांबी इतकी बारीक की साध्या दाराचा पृष्ठभाग तिच्यासाठी खडबडीतच, थोडा उजेड सगळीकडे विखुरतो आणि परत येतोच. दार ४५ अंशावर धरून बघितलं, ६० ला धरलं, कडेकडून धरलं, प्रत्येक वेळी आकडा बरोबर. मी एकटाच खोलीत होतो आणि मोठ्याने हो म्हणालो.

मग काचेचं दार लावून बघितलं आणि ते गायब. लेझर काचेतून आरपार. अल्ट्रासॉनिकला मात्र काच पक्की भिंत. म्हणून जुना सेन्सर फेकायचा नाही, दोघे शेजारी शेजारी, आणि दोघांपैकी जो जवळचं सांगेल त्याचं ऐकायचं. उन्हात लेझरचा पल्ला बराच कमी होतो, बाहेर दुपारी दीड मीटरच्या पुढचं भरवशाचं नव्हतं. आपल्याला तेवढंच लागतं तरी.

१७ मार्च

आवाजावर काम. बीप काढून टाकला, आता एक छोटी लाकडी टकटक आहे, ज्या दिशेला वस्तू आहे त्या दिशेने आल्यासारखी वाटते. यासाठी एमआयटीने १९९४ मध्ये केमार नावाच्या पुतळ्याच्या कानात माइक बसवून ७१० दिशांची मापं घेतली होती, ती खुली आहेत, तीच वापरली. दोन कानांत आवाज पोहोचायचा फरक जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंदाच्या आसपास, एवढ्याशा फरकावर मेंदू दिशा सांगतो.

पण कान मोकळे ठेवायचे म्हणून हाडातून ऐकवणारे हेडफोन आहेत, गालाच्या हाडावर टेकणारे, त्यात कानाच्या पाळीचा उपयोगच होत नाही आणि एका बाजूचा आवाज कवटीतून दुसऱ्या बाजूलाही पोहोचतो. ७१० दिशा गेल्या, हातात राहिल्या पाच, डावी, थोडी डावी, समोर, थोडी उजवी, उजवी. पुरे आहेत.

ब्लूटूथ बाद. आमच्याकडे २०० मिलिसेकंदांचा उशीर मोजला, गाणी ऐकायला कोणाला कळतही नाही. पण माणूस मान सेकंदाला १०० अंश वेगाने फिरवत असेल तर तेवढ्या वेळात मान २० अंश पुढे गेलेली असते आणि टकटक मागे राहिलेल्या जागेवरून येते, म्हणजे खांब तिथे नाहीच. वायर लावली. दिसायला बरी नाही पण खांब जागेवर आला.

२४ मार्च

काका आले होते. काचबिंदूने पन्नाशीत नजर गेली, आता पासष्टच्या पुढे, उजव्या कानाने कमी ऐकू येतं. आमची टकटक त्यांना ऐकूच येईना. मी आवाज वाढवत होतो, मित्राने सांगितलं आवाज नको सूर उतरव, बारीक सूर वयाने आधी जातात. ५ किलोहर्ट्झवरून दीडवर आणलं तर काका लगेच म्हणाले, "हां, आता बोलला."

डावं उजवं मात्र त्यांना यातून कळणं शक्य नव्हतं, एकच कान धड आहे. मग त्यांनी स्वतःच रीत काढली. बटण दाबून ठेवलं आणि मान सावकाश डावीकडून उजवीकडे नेली, टक टक टक टक, मग काही नाही, काही नाही, मग परत टक टक. थांबले. मान परत त्या रिकाम्या जागेवर आणली, दोनदा खात्री केली, आणि काठी पुढे धरून सरळ चालत गेले. दारातून, चौकटीला कुठेही न लागता. पलीकडच्या खोलीतून म्हणाले, "जिथे हा गप्प तिथे दार. बरोबर ना?"

आम्ही दोघं काही बोललोच नाही थोडा वेळ.

रीत बदलली, दिशेसाठी आवाजाच्या बाजूवर अवलंबून राहायचं नाही, मान हीच दिशा. पाच दिशा पण काढून टाकल्या, आता फक्त नाकासमोरची चार चौकटी रुंद पट्टी. ताईंनाही हेच आवडलं.

६ एप्रिल

बटण कुठे यावर तीन आठवडे गेले. एका हातात काठी, दुसऱ्यात बॅग, तिसरा हात नाही. मान फिरली की आपोआप वाजेल असं करून बघितलं, ताई म्हणाल्या मी कोणाशी बोलताना मान हलवते तेव्हा पण हा मधे बोलतो. जिभेची टिचकी माइकने ओळखून उत्तर द्यायचं, ही कल्पना मला फार आवडली होती, पण काठीच्या टोकाची टकटक पण टिचकीसारखीच दिसते, काठी आपटली की वाजायचं. शेवटी बटण काठीच्या मुठीवर, अंगठ्याखाली. काकांचा हात कापतो म्हणून त्यांचं बटण पाव सेकंद दाबून धरल्याशिवाय लागत नाही.

रस्ता ओलांडताना काय, यावर ताईंचं म्हणणं एकदम स्पष्ट, तिथे पूर्ण गप्प. आपल्या बाजूने समांतर जाणाऱ्या गाड्यांच्या आवाजावर त्या सरळ रेष धरतात आणि समोरून आडव्या गाड्या थांबल्याचं ऐकून निघतात. इलेक्ट्रिक गाड्यांनी हे अवघड केलंय, हळू असताना त्या ऐकूच येत नाहीत. युरोपात म्हणूनच १ जुलै २०१९ पासून नव्या मॉडेलना आणि २०२१ पासून सगळ्या नव्या इलेक्ट्रिक गाड्यांना ताशी २० किलोमीटरपर्यंत आवाज करणं सक्तीचं केलं. तो एवढासा आवाज ऐकायला कान मोकळा हवा. आपली टकटक त्यावर पडली तर आपण मदत करत नाही, जीव धोक्यात घालतो.

१३ एप्रिल

आज ताईंना लागलं. माझ्यामुळे.

टेस्टच्या आधी मी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कपाटातून मेजरिंग टेप काढली आणि दार उघडंच राहिलं. ताई तिथून जाताना बटण दाबत नव्हत्या, कशाला दाबतील, दोनदा त्याच वाटेने गेल्या होत्या. दाराचा कोपरा भुवईच्या वर. फार खोल नाही पण सूज आली. सेन्सर कपाळावर होता, चालू होता, लॉगमध्ये दार दिसतंय, १४० सेंटिमीटर, ११२, ७९, ४६. त्याला दिसत होतं आणि मीच त्याला गप्प राहायला शिकवलं होतं.

बर्फ धरून ताई बसल्या होत्या, मी माफी मागितली, परत मागितली. त्या म्हणाल्या, "दार उघडं ठेवलंस त्याची माफ करते. पण हा गप्प का होता ते आता नीट ठरवू."

२१ एप्रिल

आठवडाभर एकाच गोष्टीवर. न विचारता बोलायची परवानगी फक्त एका परिस्थितीत, डोक्याच्या किंवा छातीच्या उंचीवर काही आहे, ते १२० सेंटिमीटरच्या आत आहे आणि अंतर कमी होत चाललंय. तिन्ही एकदम असेल तरच. हिशोब असा, सेन्सरला एका चित्राला ६६ मिलिसेकंद, तीन चित्रांत खात्री म्हणजे २००, मग माणसाला ऐकून थांबायला अर्धा पाऊण सेकंद, मीटरभर वेगाने चालणारा माणूस दाराच्या हातभर अलीकडे थांबतो. आवाज टकटकीपेक्षा एकदम वेगळा, दोन जाड ठोके, डुब डुब, आणि बस. थांबलं की तोही थांबतो. उभं असताना, कोणाशी बोलताना, लिफ्टमध्ये, काही वाजत नाही कारण अंतर कमी होत नसतं. रस्त्यासाठी बटण दोनदा दाबलं की हेही बंद.

खोटे इशारे मोजले. केस मागे करायला स्वतःचा हात वर गेला की डुब डुब. २० सेंटिमीटरच्या आतलं सोडून दिलं तर त्यातले बहुतेक गेले. समोरून येणारा माणूस मात्र डुब डुब करतोच, आणि ताई म्हणाल्या ते राहू दे, तो बाजूला होतो की नाही ते मला कळत नाही ना.

४ मे

आज जिन्याखाली गेलो, मोकळा जिना, ज्याच्या खालून चालत जाता येतं, आणि पुढे जाईल तसं छत उतरत उतरत डोक्याशी येतं. काठीला तिथे शेवटपर्यंत मोकळं वाटतं. ताई पुढे, मी दोन पावलं मागे हात तयार ठेवून.

त्यांनी आधी जिभेने टॉक केलं. थांबल्या. "वर काहीतरी आहे, पोकळ वाटतंय." मग बटण, मान सरळ, काही नाही. मान थोडी वर, टक टक टक. मान खाली, गप्प. असं तीन चार वेळा वर खाली केलं, मग मोकळा हात वर नेला आणि तिरक्या लाद्यांवर तळवा ठेवला, अगदी जिथे टकटक सुरू व्हायची तिथे. तळवा तसाच ठेवून एक एक पाऊल पुढे गेल्या, उतार हाताने मोजत, मग परत मागे येऊन हात न लावता तेच केलं आणि कपाळापासून वीतभर अलीकडे थांबल्या. डुब डुब वाजायच्या आधी.

आठवडाभर घरी नेऊ का म्हणाल्या. दिलं. बॅटरी ४ तास २० मिनिटं चालतेय. मुठीपाशी बटणाची वायर वाकून वाकून परत तुटायला आलीय, निघायच्या आधी सोल्डर करून वर टेप गुंडाळून दिलीय, पुढच्या वेळी जाड सिलिकॉनची वायर आणायची.